दांडा आडवा की उभा

रात्री अकराला फोन वाजला तेव्हा वाटलं,
धुराडी झाडणाऱ्याला इतक्या उशिरा
माणूस दोनच कारणांनी उठवतो:
आग लागली, नाहीतर लागत नाही.

साल्मेबाईंचं तिसरंच निघालं.
हान्याच्या टेकड्यांतून, खरखरत्या तारेवरून म्हणाल्या,
'झडपेच्या दांड्यावरची धूळ पुसली आज.
पुसताना तो फिरला.
आता आठवत नाही, आधी आडवा होता की उभा.
भट्टीत निखारे आहेत. झोपू का मी?'

नको, म्हटलं. आधी खिडकी उघडा.

व्होरूभर एकच रीत:
दांडा नळीच्या रेषेत, तर वाट मोकळी,
आडवा, तर बंद.
पण व्हिलेमनं हा दांडा मोडक्या ट्रॅक्टरच्या
कसल्याशा तुकड्यातून घरीच जोडलेला,
ऐन हिवाळ्यात, घाईघाईनं,
उलटा की सुलटा ते त्याच्या हातालाच ठाऊक.
आणि तो हात गेल्या सप्टेंबरात गेला.

धूर दिसतो, डोळ्यांत जातो, खोकला काढतो.
धूर बिचारा प्रामाणिक.
मला धास्ती त्याच्या मागून येणाऱ्याची,
ज्याला वास नाही, रंग नाही,
जो बंद झडपेखालून खोलीत उतरतो
आणि झोपलेल्यावर झडप घालतो.
गाल मात्र गुलाबी ठेवून जातो.
वीस वर्षांत असे चार गाल पाहिलेत मी.
त्यांना हे सांगितलं नाही.

म्हटलं, वर्तमानपत्राचा एक कागद पिळा, पेटवा,
भट्टीचं दार बोटभर उघडून तोंडाशी धरा.
जाळाकडे बघू नका. धूर कुठं जातो ते बघा.

रिसीव्हर खुर्चीवर ठेवल्याचा आवाज.
घड्याळ. कुत्र्याच्या नखांची फरशीवर टिकटिक.
मग लांबून, 'थांबा हं,
यात शाळेच्या नाटकाचा फोटो आहे, हे पान नको.'
दुसरं पान. काडी. दुसरी काडी.
खोकला.
'माझ्याकडेच येतोय.'

म्हणजे बंद होती.
दोघंही त्यावर काही बोललो नाही.

'फिरवा.'
करकरलं लोखंड. काजळीचं एक ढेकूळ
आत कुठंतरी धप्पकन पडलं, मलाही ऐकू आलं.
पुन्हा कागद, पुन्हा काडी,
मग काहीच नाही.
इतका वेळ काहीच नाही की मी उठून उभा राहिलो,
एका हातात फोन, दुसऱ्यात गाडीची किल्ली.

'ओढून घेतला,' त्या आल्या, 'आत.
वासराच्या दाव्याला हिसका द्यावा तसा.
आणि वर कोणी श्वास घेतंय असा आवाज येतोय. येऊ दे?'
येऊ दे, म्हटलं.

'मग बंद कधी करू?'
निखाऱ्यांवरची निळी जीभ पूर्ण विझली की.
त्यानंतर अर्धा तास. त्यानंतर थोडं आणखी.
'व्हिलेम काही मोजायचा नाही. नुसता उठायचा.'
मग आज उघडीच राहू द्या. दोन गोधड्या घ्या.
'बाहेर उणे एकोणीस आहे.'
कुत्र्यालाही घ्या.
हसल्या. व्हिलेम गेल्यानंतर पहिल्यांदाच
ते हसू ऐकलं; पण हे मी उगाच जोडतोय,
त्याआधी कधी ऐकलं होतं मी?

फोन ठेवून मोजे घातले, आमच्या भट्टीपाशी गेलो.
मारेट अंथरुणातून म्हणाली, 'तिसऱ्यांदा.'
माहीत होतं उघडी आहे.
तरी हात धरला. वारा होता.

गुरुवारी त्यांच्याकडे गेलो. नळीवर
नखं रंगवायच्या लाल रंगाचा ठिपका, अजून ओलसर,
नेमका चुकीच्या बाजूला.
मी पुसायला लागलो तर म्हणाल्या, 'राहू द्या.
उघडी असली की ती बोलते, मला कळतं.
बंद असताना गप्प असते.
खूण गप्प असणाऱ्यालाच लागते.'

मी बादली उचलली, शिडी लावली,
आणि वरून, धुराड्याच्या तोंडातून,
त्यांना हाक मारून पाहिली.
खालून ओ आली.